पौषातलं लग्न आणि तेरा गोल फळं

दुबईत ज्या मैत्रिणीबरोबर वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, तिच्या लग्नाला न जाणं शक्यच नव्हतं. लग्न फिलिपीन्समध्ये, नेग्रोस बेटावरच्या बाकोंग गावात. खरं तर ते गेल्या जूनमध्येच व्हायचं होतं. पण फेब्रुवारीत तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. एका कॅलेंडर वर्षात दोन सख्ख्या भावंडांची लग्नं झाली की एकाचं नशीब दुसऱ्याला खातं, असं तिकडे मानतात. त्याला म्हणतात सुकोब. घरात त्या वर्षी कुणी जवळचं गेलं असेल तरी तोच नियम. त्यामुळे तारीख थेट ३ जानेवारीवर गेली. नवरा मुलगा जहाजावर नोकरीला. जूनची रजा फुकट गेली, मधे त्याने आणखी एक कॉन्ट्रॅक्ट केलं आणि लग्नाच्या तोंडावर घरी पोचला.

आई माझ्याबरोबर होती. सुकोबचं ऐकून तिला अजिबात नवल वाटलं नाही. "बरोबरच आहे, आपल्यातही सख्ख्या भावंडांची लग्नं सहा महिन्यांच्या आत करत नाहीत," म्हणाली. मग तिने कालनिर्णय उघडलं आणि एकदम गप्प झाली. विमानतळावर पोचल्यावर हळूच म्हणाली, "अगं, तीन तारखेला पौष पौर्णिमा आहे. पौषात लग्न?" हे तिथे कुणासमोर बोलायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली.

(कामाची गोष्ट: भारतीय पर्यटकांना २०२५ मध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय जायची मुभा मिळाली. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. निघण्यापूर्वी ई-ट्रॅव्हल नावाची सरकारी नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी एकदा बघून घ्या.)

२८ डिसेंबर, मनिला

मैत्रीण घ्यायला येणार नव्हती हे आधीच कळलं होतं. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी लग्नाआधीचे दिवस लांबचा प्रवास करायचा नाही, त्यांच्यावर अपघाताचं सावट असतं म्हणतात. तिचा मनिलात राहणारा चुलतभाऊ आला. विमानतळावरचं एटीएम माझं कार्ड गिळायच्या बेतात होतं, म्हणून मी त्याच्याकडे हजार पेसो उसने मागितले. तो असा काही हसायला लागला की आजूबाजूचे लोक बघायला लागले. २८ डिसेंबर म्हणजे निन्योस इनोसेंतेस. हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बाळांच्या आठवणीचा हा दिवस, पण लोकांनी त्याचं एप्रिल फूल करून टाकलंय. आज उसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत! "तुला उसने नाही, भेट देतो," म्हणून त्याने नोटा हातात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या परत केल्या, तर म्हणाला, "बघ, म्हणूनच भेट म्हणालो. भेट दिलेली परत आली, उसनी दिली असती तर गेलीच असती." यावर काय बोलणार?

२९ डिसेंबर, अंडी आणि कियापो

सकाळी सकाळी हा पोरगा डझनभर अंडी घेऊन हजर. क्वेझॉन सिटीत कातिपुनान रस्त्यावर सांता क्लारा नावाच्या संत स्त्रीचा मठ आहे. लग्नाच्या दिवशी पाऊस येऊ नये म्हणून सांता क्लाराला अंडी वाहायची, अशी प्रथा. नवरी स्वतः येऊ शकत नव्हती, म्हणून तिच्या वतीने आम्ही. आत गेल्यावर बघितलं तर आमच्यासारखे बरेच जण ट्रे सांभाळत उभे. अंडी द्यायची आणि चिठ्ठीवर आपली प्रार्थना लिहायची. आम्ही लग्नाची तारीख आणि गावाचं नाव लिहिलं. या मठातल्या जोगिणी बाहेरच्या जगात येत नाहीत, प्रार्थनेत असतात. रांगेतली एक मुलगी परीक्षेसाठी आली होती, एक काका नोकरीसाठी. म्हणजे सांता क्लाराकडे केवळ हवामान खातं नाही.

तिथून कियापो. मनिलात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर माझ्या मते हेच बघा. चर्चमध्ये काळा नाझरेनो, म्हणजे क्रूस खांद्यावर घेतलेला काळा येशू. ही मूर्ती शतकांपूर्वी मेक्सिकोहून आली. ९ जानेवारीला तिची मिरवणूक निघते. लाखो लोक अनवाणी, रथाजवळ जायची रेटारेटी, आणि लांबून फेकलेले टॉवेल मूर्तीला पुसून परत फेकणारे सेवेकरी. आम्ही गेलो तेव्हा तयारी सुरू झाली होती.

पण चर्चच्या दाराबाहेर, प्लाझा मिरांडात, दुसरंच जग. रंगीत मेणबत्त्यांचे ढीग: लाल प्रेमासाठी, हिरवी पैशासाठी, आणि अशा कितीतरी. पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या बायका ओळीने छत्र्यांखाली. वाळलेली मुळं, साली, तेलाच्या बाटल्या. आणि आंतिंग-आंतिंग, म्हणजे पितळेचे ताईत. त्रिकोणी, गोल, मधे डोळा, भोवती मोडक्यातोडक्या लॅटिनमधले मंत्र. एका विक्रेत्याने मला एक ताईत दाखवून सांगितलं की याने गोळी लागत नाही. दुसरा घ्या, याने धंदा चालतो. दोन्ही एकाच किमतीला!

त्याच टपऱ्यांवर "पाळी आणणारं औषध" म्हणून काही बाटल्या उघड्यावर विकायला होत्या. देशात गर्भपात बेकायदा आहे, आणि या बाटल्या कशासाठी घेतल्या जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मात्र माझी गंमत बघण्याची लहर उतरली. आईने एक बाटली हातात घेतली, उलटीपालटी करून ठेवून दिली आणि पुढे चालायला लागली.

(कियापोत पाकीट पुढच्या खिशात. फोटो काढायच्या आधी विचारा, भविष्यवाल्या बायकांना आवडत नाही. शुक्रवारी नाझरेनोचा वार, गर्दी झेपणार असेल तरच जा.)

३० डिसेंबर, बाकोंग

जवळच्या दुमागेते शहरात उतरलो आणि तिथून ट्रायसिकलने, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटरसायकलने, बाकोंग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माडांच्या रांगा. आई म्हणाली, हे तर रेवदंडा.

घरात शिरताच चार वर्षांचं एक पोर आम्हाला बघून भोकाड पसरून पलंगाखाली घुसलं. सगळे ओशाळले. मग कळलं की पोरांना भीती घालायची असेल तर "बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल" असं सांगतात. बुंबाय म्हणजे आम्ही, भारतीय. मोटरसायकलवरून गल्लोगल्ली फिरून पाच घ्या सहा द्या या हिशोबाने कर्ज देणारे पंजाबी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्यावरून ही बागुलबुवाची कथा. त्यातून मी तर डोंबिवलीची. पोराला बाहेर काढायला दोन राजगिरा चिक्क्या लागल्या.

घरातली सत्ता लोलाच्या हातात. लोला म्हणजे आजी. वय ऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. आईला बघून तिने हात पुढे केला. आईने तो हातात घेतला, तर मैत्रीण म्हणाली, कपाळाला लावायचा. मोठ्यांच्या हाताची पाठ आपल्या कपाळाला टेकवायची हा तिथला नमस्कार. आईने लगेच टेकवला आणि मग वाकून पायही धरले. लोला खूश.

भावाची मुलगी सहा महिन्यांची, गोबरी, मनगटात लाल-काळ्या मण्यांचं कडं. आई नेहमीच्या सवयीने म्हणाली, "अगबाई, किती गोड!" भाषा कुणाला कळली नसली तरी सूर कळला. खोलीतल्या दोन-तीन बायका एकदम म्हणाल्या, "प्वेरा बुयाग!" परक्या माणसाने कौतुक केलं की मूल किरकिरं होतं, ताप येतो, पोट दुखतं. उतारा म्हणजे कौतुक करणाऱ्याने आपली थुंकी बोटाने बाळाच्या कपाळाला किंवा पोटाला लावायची. हे इंग्रजीतून कसं सांगावं या विचारात मैत्रीण घुटमळत होती. तोवर आईने बाळावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. क्षणभर शांतता, मग लोलाने मान डोलावली. थुंकीचा विषय तिथेच संपला. त्यानंतर दोघी म्हाताऱ्या दिवसभर एकमेकींना सोडेनात. सामायिक भाषा शून्य. तिन्हीसांजेनंतर केर काढायचा नाही, रात्री नखं कापायची नाहीत, जुळं केळं लेकी-सुनांनी खायचं नाही, हे सगळं त्यांनी हातवाऱ्यांनी पडताळून घेतलं आणि दर वेळी जुळलं की टाळी.

आईने आहेर म्हणून घडीची विळी नेली होती, खवणीसकट. नारळाच्या देशात याहून चांगलं काय? कागद सोडला आणि पातं दिसताच सगळ्यांचे चेहरे पडले. धारदार वस्तू भेट दिली की नातं तुटतं. मार्गही तयार होता: नवरीने आईच्या हातावर एक पेसोचं नाणं ठेवलं, म्हणजे विळी विकत घेतली असं झालं. लोलाने लगेच त्यावर बसून नारळ खवून दाखवला. तिच्याकडची खवणी अगदी अशीच, लाकडी.

३१ डिसेंबर

सकाळी दुमागेतेच्या मंडईत नाश्ता. पाइनितान म्हणून टपऱ्यांची ओळ आहे, तिथे पुतो माया (नारळाच्या दुधातला चिकट भात), बरोबर सिक्वाते (घट्ट, कडसर गरम चॉकलेट) आणि आंब्याची फोड. शाकाहाऱ्यांनी डोळे मिटून खावं असं या भागात जे थोडं आहे, त्यात हे पहिलं.

मग फळांची खरेदी. नवीन वर्ष लागताना टेबलावर गोल फळं हवीत, नाण्यांसारखी. बारा की तेरा यावर घराघरांत वाद. काही बारा महिन्यांची बारा म्हणतात, आमच्या लोलाचं तेरा. सफरचंद, संत्री, द्राक्षं, चिकू, पोमेलो, कलिंगड इथपर्यंत सोपं होतं. दहाव्या फळानंतर मंडईतली प्रत्येक बाई गोल फळ शोधत फिरत होती आणि भाव त्याच हिशोबाने चढलेले. तेरावं फळ म्हणून एक लहानसा खरबूज आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

संध्याकाळी घराची तयारी बघण्यासारखी. तांदळाचा डबा काठोकाठ. मीठ, साखर भरलेली. सगळे दिवे चालू, दारं, खिडक्या, कपाटांचे खणसुद्धा उघडे, नशिबाला आत यायला अडचण नको. सगळ्यांच्या अंगात ठिपक्याठिपक्यांचे कपडे. मलाही एक ठिपक्यांचा टॉप घालायला लावला, दोन मापं मोठा. जेवणात लांब नूडल्सचा पांसित (दीर्घायुष्य), चिकट भाताचा गोड बिको (नशीब चिकटून राहावं), हॅम, चीजचा लाल गोळा. कोंबडी वर्ज्य. कोंबडी उकरते तेव्हा कुठे तिला दाणा मिळतो, तसं वर्ष हातावर पोट घेऊन जाऊ नये.

बाराच्या ठोक्याला जो आवाज सुरू झाला त्याला तोड नाही. पिपाण्या, पातेली, मोटरसायकलींचे हॉर्न, फटाके. खिशात नाणी घालून खुळखुळवायची आणि पोरांनी उंच उड्या मारायच्या, म्हणजे उंची वाढते. माझी उंची बघून दोन पोरींनी मला हात धरून ओढलं. उड्या मारल्या. आईनेही एक मारली. लोलाने खुर्चीतूनच आईला हाताने खूण केली: आता उशीर झाला.

(शाकाहारी असाल तर "वलाय कार्ने", म्हणजे मांस नसलेलं, हे पाठ करा. तरी पांसितमध्ये सुकी कोळंबी निघू शकते, त्यामुळे वाढणाऱ्याला दोनदा विचारा. बाराच्या सुमारास रस्त्यावर उभं राहू नका, फटाके कुठूनही येतात. आणि १ जानेवारीला पैशाचे व्यवहार काढू नका. पहिल्या दिवशी पैसा बाहेर गेला की वर्षभर जातो, केर काढला तर त्याच्याबरोबर नशीब जातं. घरभर फटाक्यांचे कागद पडले होते, दोन तारखेपर्यंत कुणी हात लावला नाही.)

२ जानेवारी, शेजारचं मरण

लग्न उद्यावर आणि दोन घरं सोडून एक वृद्ध शेजारी एक तारखेला पहाटे गेले. घरात आधी एकच चौकशी: नात्यातले नाहीत ना? नाहीत. म्हणजे लग्न टळत नाही. नवरा-नवरीने तिकडे फिरकायचं नाही, बाकीच्यांनी जायचंच. आम्ही तीतांबरोबर, म्हणजे मैत्रिणीच्या मावशीबरोबर गेलो.

तिकडे मृतदेह औषध भरून घरातच कित्येक दिवस ठेवतात, दूरदेशीची मुलं यायची असतात. अंगणात मांडव, दिवे, प्लास्टिकच्या खुर्च्या. एका टेबलावर पत्ते चाललेले, डावातला थोडा हिस्सा मृताच्या घराला जातो. कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या खारवलेल्या बिया. बियांची टरफलं पायाखाली कुरकुरत होती, कारण प्रेत घरात आहे तोवर झाडायचं नाही, नाहीतर त्यामागून आणखी कुणी जातं. शवपेटीवर अश्रू पडू द्यायचा नाही. निघताना घरचे दारापर्यंत सोडायला येत नाहीत. आपणही निरोप न घेता उठायचं. हे आईला कुणी सांगायची गरज पडली नाही, "येते" न म्हणता उठायचं हे आपल्याकडेही पक्कं.

आणि मग पगपग. मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नाही, मधे कुठेतरी थांबायचं, म्हणजे आत्मा मागोमाग येत नाही. आमचं घर तिथून तीस पावलांवर. तीतांनी ट्रायसिकल थांबवली आणि आम्ही सहा जणी दाटीवाटीने दुमागेतेतल्या जॉलिबीत, म्हणजे तिकडच्या फास्ट फूडच्या हॉटेलात. रात्रीचे साडेनऊ. शेजारच्या दोन टेबलांवरही पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली माणसं होती. तीता म्हणाल्या, तेही आपल्यासारखेच असणार. पीच-मँगो पाय खाताना मला राहवलं नाही. विचारलं, "पण तीता, ते तर शेजारी होते. चाळीस वर्षं तुमच्याकडे येत-जात होते. त्यांना घर माहीत नाही का?" तीतांनी पायचा घास गिळला. "म्हणून तर मोठी ऑर्डर दिली," म्हणाल्या. "त्यांना इथे बसून राहू दे."

खरा तिढा घरी परतल्यावर. आईने बॅगेतून टॉवेल काढला आणि न्हाणीघराकडे निघाली. मयताहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ती पाणीही पीत नाही. लोला दारात आडवी! दिवसभर दमलेल्या, तापलेल्या अंगावर रात्री पाणी घेतलं की पासमा होतो, म्हणजे हात थरथरतात, नसा आखडतात. वर ओल्या केसांनी झोपलं तर डोळे जातात, नाहीतर डोकं फिरतं. आई मराठीत, लोला सेबुआनोत, दोघींचे आवाज चढलेले, आणि मधे मैत्रीण मला इंग्रजीत विचारतेय की आता काय करायचं.

मी आईला म्हटलं, "आई, एक रात्र राहू दे ना."

"तू गप्प बस. तुझ्या मैत्रिणीचं उद्या लग्न आहे. विटाळाची मी त्या मांडवात जाऊ?"

हे भाषांतर करून लोलाला सांगितलं, आणि तिचा सगळा पवित्राच बदलला. म्हणजे ही बाई आपल्या नातीसाठी आंघोळ करतेय! मग तोडगा निघाला. आईला पंख्यापासून लांब बसवलं, अंग निवेपर्यंत अर्धा तास. गरम आल्याचा काढा. चुलीवर पाणी तापवलं, लोलाने हात घालून बघितलं, आणखी तापवलं. आंघोळ झाल्यावर लोलाने स्वतः टॉवेलने आईचे केस पुसले, खसाखसा, लहान मुलीचे पुसावेत तसे, आणि पूर्ण वाळेपर्यंत झोपू दिलं नाही. मध्यरात्र उलटून गेली होती. त्या दोघींना हातवारे करत बसलेलं सोडून मी झोपायला गेले.

३ जानेवारी, लग्न

लग्नाचा पोशाख नवरीने आधी अंगात घालून बघायचा नाही, लग्न मोडतं. म्हणून माप बहिणीच्या अंगावर घेतलेलं, आणि बहीण बाळंतपणामुळे अंगाने सुटलेली. सकाळी टाचण्यांचा कारभार किती चालला असेल त्याची कल्पना करा.

सान आगुस्तीनचं जुनं दगडी चर्च. नवरदेव नवरीच्या आधी पोचायलाच हवा, म्हणून तो तासभर आधीपासून घाम पुसत उभा. विधी सुंदर आहेत: दोघांच्या खांद्यांवर एकच ओढणी, आठच्या आकड्याची दोरी, आणि नवऱ्याने नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओतायची. नाणं खाली पडता कामा नये. नवरीने ओंजळ अशी घट्ट केली की बोटं पांढरी पडली. पण सगळ्यांचं लक्ष मेणबत्त्यांवर. दोघांच्या बाजूला एकेक. ज्याची विझेल तो आधी जाणार. भिंतीवरचा पंखा फिरत फिरत नवरदेवाच्या मेणबत्तीकडे येई तेव्हा ज्योत आडवी होई आणि सगळी रांग श्वास धरी. तिसऱ्या फेरीला एक काका उठले आणि भर प्रार्थनेत जाऊन पंख्याची पिनच काढून आले. पाद्रीबाबांनी पाहिलं आणि पुढे वाचत राहिले. उरलेला अर्धा तास सगळे घामाघूम, ज्योती मात्र ताठ.

बाहेर पडताना नवरीने ठरल्याप्रमाणे नवऱ्याच्या बुटावर पाय दिला. आधी पाय देईल त्याची घरात चालते. आम्ही तांदूळ उधळले. आईने अक्षता टाकाव्यात तसे नेम धरून टाकले, सवय आहे.

आणि पाऊस! लख्ख उन्हात बारीक सरी. मी चुलतभावाकडे पाहिलं. डझनभर अंडी कुठे गेली? तो अजिबात खजील नाही. "उन्हात पाऊस म्हणजे तिकबालांगचं लग्न लागलंय. घोड्याच्या तोंडाचं भूत असतं ते." आई म्हणाली, "आमच्याकडे कोल्ह्याचं." आणि तीतांनी निकाल दिला: लग्नात पाऊस म्हणजे भरभराट. मग अंडी वाहायचीच कशाला, हा प्रश्न मी गिळला. त्या घरात दिवसातून दहा वेळा एक वाक्य कानावर येई, "पाळलं तर आपलं काय जातं?" बहुतेक वेळा काहीच जात नाही, एक पीच-मँगो पाय, एक नाणं, थोडी झोप. सुकोबपायी मात्र माझ्या मैत्रिणीचे सहा महिने गेले आणि तिच्या नवऱ्याची रजा. हे तिला विचारलं तर ती म्हणाली, "लोलाने लग्नात हसायला हवं होतं मला." लोला हसत होती, हे खरं.

आहेरात तीतांनी दिलेली मोठी एनॅमलची आरिनोला होती, म्हणजे पलंगाखाली ठेवायचं भांडं. अत्यंत शुभ समजतात. आई ते बघून जे हसत सुटली ते पंगत संपेपर्यंत.

४ ते ६ जानेवारी, सिकिहोर

आम्ही निघालो तेव्हा घरचे जेवत होते. सगळ्यांनी आपापली ताटं फिरवली. जेवताना कुणी प्रवासाला निघालं तर ताट फिरवायचं, म्हणजे वाटेत विघ्न येत नाही.

दुमागेतेहून सिकिहोरला जलद बोट तासाभरात पोचते. या दिवसांत ईशान्येचे वारे असतात. समुद्र खवळला की तटरक्षक दल बोटी बंद करतं, आमची एक फेरी अशीच रद्द झाली. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडा, त्याच दिवशी नाही.

सिकिहोर म्हणजे चेटकाचं बेट, असा देशभर लौकिक. कित्येक फिलिपिनो अजूनही तिकडे जायला कचरतात. प्रत्यक्षात शांत रस्ते, माड, स्वच्छ समुद्र. लाझी गावाजवळ शेकडो वर्षांचं म्हणतात असं एक बालेते झाड आहे, वडाच्याच कुळातलं, बुंध्याखालून झरा वाहतो. त्या पाण्यात पाय सोडून बसलं की मासे टाचा कुरतडतात. आमच्या चालकाने झाडाच्या अलीकडे हॉर्न दिला, झाडात राहणाऱ्यांना वर्दी म्हणून. झाडीतून, वारुळांजवळून चालतानाही लोक "ताबी" म्हणतात, म्हणजे वाट द्या. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

बोलो-बोलो नावाचा उपचार करणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे आई गेली, गुडघ्यासाठी. मी कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना जात असे. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या २०१३ सालीच आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हा मी हातचलाखी शोधायच्या तयारीने अगदी जवळ बसले. काचेचा पेला, त्यात पाणी आणि एक काळा खडा. बाई नळीतून पाण्यात फुंकत पेला आईच्या गुडघ्याभोवती, पाठीवरून, डोक्यावरून फिरवत होत्या. पाणी गढूळ झालं, त्यात काड्यांसारखं काहीबाही दिसायला लागलं. ते फेकून पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा फुंकर. चौथ्या वेळी पाणी नितळ राहिलं. कचरा कुठून येतो ते मला पकडता आलं नाही, आणि तो गुडघ्यातून येतो यावर माझा विश्वासही बसला नाही. बाईंनी दर सांगितला नाही. शेवटी त्यांनी आईला विचारलं की गोळ्या कुठल्या घेतेस, त्या बंद करू नकोस. हे ऐकून मी हायसं वाटून पेटीत पैसे टाकले. गुडघा तसाच आहे. आईचं म्हणणं, "बाई पंधरा मिनिटं माझ्याशीच बोलली. डोंबिवलीचा डॉक्टर मान वर करत नाही."

(पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, बांदिलान डोंगरावर वैद्य जमतात आणि ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारांना गोळा केलेली मुळं-साली मोठ्या कढईत शिजवतात. ते बघायचं असेल तर खोली फार आधी घ्या. आणि स्थानिकांना चेटूक, भुतं याबद्दल थट्टेने विचारू नका, ते त्याला वैतागलेत.)

७ जानेवारी, पुन्हा बाकोंग

निरोपाला गेलो तर घरात वेगळीच सभा भरलेली. नवरदेवाने गावाच्या टोकाला घर बांधलंय, त्यात राहायला कधी जायचं? घर लोलाने आधीच तपासलं होतं. जिन्याच्या पायऱ्या मोजताना ओरो, प्लाता, माता म्हणत चढायचं: सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मातावर संपता कामा नये. गवंड्याने बारा केल्या होत्या, लोलाने एक वाढवायला लावली.

आता तारीख. लोलाला पौर्णिमेच्या आसपास हवी. आईने फोनवर कालनिर्णय काढलं: १ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा. पौषही संपलेला! दोघींनी टाळी दिली. मैत्रिणीने लिहून घेतलं. तेवढ्यात नवरदेव दारातून म्हणाला, "मला २५ जानेवारीला जहाजावर चढायचंय."

सगळे लोलाकडे बघायला लागले. लोलाने फार विचार केला नाही. नव्या घरात आधी मीठ आणि तांदूळ जायला हवेत. ते गेले की घर लागलं. माणसं काय, मागून जातात. "मग आजच नेऊ," म्हणून तिने आत जाऊन तांदळाची पिशवी आणली, आईच्या हातात मिठाची बरणी दिली, आणि नवरदेवाला ट्रायसिकल बघायला पिटाळलं.